मामाजीची चिमणी

हसाचं नाही, असं पहिले कबूल करा. मंगच तोंड उघडते. ज्याले-ज्याले हा किस्सा सांगितला, तो पहिले हसला आन मंग चहाचा कप तसाच खाली ठेवला. तुमचा चहा थंडा झाला त मी जिम्मेदार नाही बावा!

त झालं असं, का मी चिमणी घेतली.

आता चिमणी म्हणजे कोणती चिमणी, इथूनच गोंधळ सुरू. पवनीले आमचं घर. पुढं बैठक, मंधात सैपाकखोली, मांगं पडवी. पडवीतून वैनगंगेची हवा येते. घरात आमचे हे, मी आन सासू-सासरे. सासऱ्यायले मी मामाजी म्हणत होती, सासूबाईले आत्याबाई म्हणते. मामाजीनं जनम सारा हातमागावर कोसा विणला. मागाच्या खटखटीत बोलाची सवय, त आवाज असा का घाटावरच्या माणसाले घरातून चहाले बोलवत. माग बंद झाला, आवाज तसाच राह्यला. आन त्या आवाजाच्या मांगं-मांगं आला खोकला.

डॉक्टर म्हणे, "यायच्या फुप्फुसात काही राह्यलं नाही. धुरापासून दूर ठेवा. बिडीचा, चुलीचा, फोडणीचा, कोणताच धूर नोको."

बिडी त्यायनं सोडली. चूल कधीचीच गेली. राह्यली फोडणी. म्हणजे मायं खातं!

मी म्हटलं, "आपण चिमणी घेऊ."

सासूबाई म्हणे, "चिमणी? कायले वो? लाइट त आहे न घरी." त्यायच्या डोक्यात घासलेटची काचवाली चिमणी.

मामाजी खाटेवरून वरडले, "पाळाची का? पिंजरा लागन मंग!" त्यायच्या डोक्यात पाखरू.

मी कपाळाले हात लावला. आता ही धूर ओढणारी तिसरी चिमणी मी यायले कशी समजावू?

भंडाऱ्याले गेलो दुकानात. माणूस मालाची खरेदी कराले जाते. मी फीचर खरेदी कराले गेली. दुकानदारानं एक काळी चिमणी दाखवली, आरशासारखी चमकणारी. म्हणे, "ताई, हात हलवला का चालू. तोंडानं सांगितलं का चालू. चालू होताना गाणं वाजते. तेल आपोआप वाटीत जमा होते. बाकी चिमण्यायले यातलं काहीच येत नाही."

मी त खलासच! घरात माया शब्द कोणी ऐकत नाही, इथं भिंत ऐकणार होती.

दुकानदार म्हणे, "पाइप कोणत्या भिंतीतून बाहेर काढाचा?"

मी म्हटलं, "ते पाहू घरी. गाणं कोणतं वाजते ते पहिले सांगा."

बस! या एका वाक्यावर पूर्ण किस्सा उभा आहे. त्यानं कामाचं विचारलं आन मी गाणं विचारलं.

फिटिंगवाला आला. त्यानं बाजूच्या भिंतीवर पेन्सिलनं गोल काढला. मामाजी काठी टेकत आले.

"काय करून राहिला गा?"

"भोक पाडतो बाबाजी. धूर बाहेर जाले पाह्यजे न."

"हे भिंत मी बांधली. पहिले माया पोटाले भोक पाड, मंग तिले."

फिटिंगवाला मायाकडं पाहे, मी त्याच्याकडं. सैपाकखोलीतून मांगच्या पडवीत निघणारा एक झरोका होता. तो म्हणे, "यातून काढतो. पडवी त तीनही बाजूनं उघडीच आहे. धूर उडून जाईन नदीकडं." पाणी आत येऊ नाही म्हणून पाइपाचं तोंड खाली वाकवलं. मामाजी खुश, भिंत खुश, मी खुश.

मंग सुरू झाला फीचरायसोबत संसार.

मी म्हणो, "चिमणी, सुरू हो वो." ढिम्म! "अवो, होऊन जाय न चालू, तेल तापलं!" ढिम्म! आमच्या यायनं पुस्तक वाचलं. म्हणे, "तिले आपली बोली नाही समजत. शाळेत कविता म्हणते तसं साफ म्हण. चिमणी चालू." मी म्हटलं. वाजलं न बावा गाणं! पण "चिमणी बंद" म्हटलेलं तिले कधीच ऐकू आलं नाही. या बाबतीत ती आमच्या घरातल्या माणसाय्यावर गेली होती.

आन हाताचं फीचर! उजवीकडं हात हलवला का स्पीड वाढे. माशी हाकलली का वाढे. सासूबाई सैपाकखोलीत येऊन कोणाचं भांडण सांगाले लागल्या का त्यायचे दोन्ही हात चालत, आन वर ती डाकीण गरजे. शेवटी मी म्हटलं, "आत्याबाई, भांडण बैठकीत सांगत जा. इथं फक्त चांगल्या गोष्टी." तेव्हापासून त्या सैपाकखोलीत कमीच आल्या.

मंग थंडी आली. मामाजीले खोलीत करमे ना. म्हणे, "मायी खाट पडवीत टाका. नदी दिसते." आता पडवीत वारा. आमच्या यायनं तीनही बाजूनं टिनाचे पत्रे ठोकले. नदी दिसाले एक छोटी खिडकी ठेवली, तिलेही प्लास्टिक लावलं. खाटेचं डोकं सैपाकखोलीच्या भिंतीले, का ते भिंत गरम राह्यते. सगळे म्हणे, काय मस्त सोय केली म्हाताऱ्याची!

तुमच्या ध्यानात आलं न? माया नाही आलं. सगळा हिवाळा नाही आलं.

खोकला वाढला. पण एक गंमत झाली. मामाजीचं नाक तेज झालं! मी इकडं फोडणी देल्ली का तिकडून आवाज: "सूनबाई, आज झिंगे का वो?" मी चाट. दार बंद, मंधात भिंत, आन म्हाताऱ्याले झिंगे समजले! दुसऱ्या दिवशी, "अंबाडीत लसूण जास्त पडला." तिसऱ्या दिवशी लाखोळीची दाळ. एकदाही चुकले नाहीत. मी गल्लीभर सांगत फिरली, "डोळे थकले, कान थकले, पण आमच्या मामाजीचं नाक पाहा!" एकदा ताट घेऊन गेली त त्यायच्या डोळ्यातून पाणी गळून राह्यलं होतं. मले वाटलं, माया हातच्या सैपाकाचं कौतुक.

हसू नोका म्हटलं न!

खोकल्याची ढास लागली का मी सैपाकखोलीतून वरडो, "हळू खोकला न मामाजी! मायी कुकरची शिट्टी हुकते!"

तिकडून उत्तर, "तुया कुकरले सांग हळू शिट्टी माराले. मायी झोप मोडते."

असं आमचं चाले. आन त्यायले आराम पडाव म्हणून मी काय करो माहीत आहे? चिमणीचा स्पीड वाढवो. जितका ठसका वाढला, तितकी चिमणी फास्ट. शेवटी-शेवटी त साध्या जिऱ्याच्या फोडणीलेही मी तिले फुल सोडून देत होती. सासऱ्याची इतकी काळजी घेणारी सून तुम्ही पाह्यली का कुठं?

संक्रांतीच्या आसपास मामाजी गेले. आदल्या सांजेले मले म्हटलं होतं, "आज मिरची जळली वो." मायासोबत त्यायचं शेवटचं बोलणं तेच. सकाळी चहा घेऊन गेली, त कप घ्याले हातच पुढं नाही आला.

वैनगंगेवर पोचवून आले. घर पाहुण्यायनं भरलं. आमच्याकडं मौत झालेल्या घरी चूल पेटत नाही. सोयरे जेवण आणतात, त्याले कडू घास म्हणतात. तो घरच्यायनं खाचा असते, मंगच सगळे जेवतात.

सासूबाईनं ताट सरकवून देल्लं.

रडल्या नाहीत. नुसत्या पडवीतल्या रिकाम्या खाटेकडं पाहत होत्या. म्हणे, "शेवटी शेवटी हवा, हवा म्हणत होते. जीव मोकळा नाही झाला वो त्यायचा. अडकला कुठं तरी. मले कळू द्या का ते सुटले, मंग घास घेतो."

कारध्याच्या काकीजी, म्हणजे मामाजीच्या धाकट्या भावाची बायको, अशा कामात पक्क्या. त्या म्हणे, "सकाळी कळन वहिनी. पीठ सांगन."

माणूस जिथं गेला, तिथं तांदळाचं पीठ पसरवाचं, बाजूले दिवा लावाचा, वर बांबूचं टोपलं झाकाचं. दुसऱ्या दिवशी टोपलं उचलाचं. पिठावर ज्याचं पाऊल दिसन, त्याच्या जन्माले जीव गेला. तुम्ही माना नोका मानू. सासूबाईचा घास त्या पिठावर अडकला होता.

खाट हटवली. डोकं होतं त्या जागेवर पीठ पसरवलं. पण दिवा टिके ना, पत्र्याच्या फटीतून हवा. तवा सासूबाई उठल्या, आन पेटीतून आपली जुनी काचवाली चिमणी काढून आणली. "ठेवली होती न मी," म्हणे. तिची काच पुसली, वात लावली, टोपल्याच्या बाजूले ठेवली. ती चिमणी रातभर नाही इझली.

सकाळी सगळे बैठकीत. नागपूरचे पाहुणेही आले होते, कडक इस्त्रीचे. त्यायले पाणी द्याव म्हणून मी सैपाकखोलीत गेली. बैठकीतून काकीजीनं विचारलं, "सूनबाई, पडवीत पाह्य वो. चिमणी चालू आहे न? इझली त नाही?"

मी दारातून डोकावून पाह्यलं. जळत होती. आता नागपूरचे पाहुणे ऐकून राह्यले, म्हणून मी आवाज साफ केला आन शाळेतल्यासारखं म्हटलं:

"चिमणी चालू!"

माया डोक्यावर गाणं वाजलं.

मौतीच्या घरात! टिंग टिंग टिडिंग! आन मंग घर्रर्र! मी घाबरून हात हलवला, "नाही, नाही!" स्पीड वाढला. दुसरा हात हलवला. फुल! "चिमणी बंद!" म्हटलं हळू आवाजात. ऐकते का ती? "बंद हो वो!" नाही. शेवटी माया तोंडातून निघालं, "मर न वो एकदाची, मर!"

आन लाइटची पिन उपसून काढली.

मी पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली, जसं काही झालंच नाही.

काकीजी म्हणे, "आवाज कायचा होता? आन मर कोणाले म्हणत होती?"

आता या पाहुण्याय्यासमोर काय सांगू, का माया चिमणीनं गाणं म्हटलं? मी म्हटलं, "मांजर होती. डब्यावर चढली, डबा पाडला. हाकलली."

सासूबाई ताडकन उभ्या झाल्या. "मांजर? कुठून गेली? पडवीतून?"

हे देवा! आता सगळ्यायले एकच भेव, मांजरीनं टोपलं ढकललं असन त? पिठावर पंजा ठेवला असन त? सगळे पडवीकडं धावले. सासूबाईचा चेहरा असा पांढरा पडला का पिठाचा रंग त्यापुढं काहीच नाही. मी त्यायच्या मांगं, हातात ट्रे तसाच.

काकीजीनं दोन्ही हातानं टोपलं उचललं.

पिठावर पाऊल होतं.

पुढं तीन बारीक रेघा, मांगं एक. त्याच्या बाजूले तसंच आणखी एक. काकीजी गुडघ्यावर बसल्या, पाह्यलं, पुन्हा पाह्यलं.

"वहिनी," काकीजी म्हणे, "मांजर नाही. चिमणी!"

सासूबाई खाली बसल्या. बोट टेकवलं नाही पिठाले, नुसतं वरून फिरवलं. "चिमणी," म्हणे. "उडाले मंग. नाही अडकले." आन तवा रडल्या, पहिल्यांदा. मोकळ्या रडल्या. मंग डोळे पुसून म्हणे, "आणा ताट." कडू घास घेतला. नागपूरच्या इस्त्रीवाल्याय्यानंही रुमाल काढले.

मीही रडून राहिली होती. रडता रडता सहज वर पाह्यलं.

पिठाच्या बरोब्बर वर पाइपाचं तोंड होतं. खाली वाकलेलं.

ते अजून थोडं थोडं हलत होतं. पाइपातून हवा आली, टोपल्याच्या बांबूच्या फटीतून पिठावर गेली, त्याच्याच रेघा. भिंतीवरही पीठ उडालं होतं. आन त्या पिठाखाली भिंतीवर एक पिवळा, तेलकट ओघळ. पाइपाच्या तोंडापासून निघालेला, सरळ खाली, जिथं मामाजीची उशी राह्यत होती तिथवर.

मी भिंतीले हात लावला. चिकट. नाकाजवळ नेला. झिंगे, लसूण, जळलेली मिरची. सगळा हिवाळा होता त्या बोटावर.

दुकानदार म्हणे, तेल आपोआप वाटीत जमा होते. वाटी मी दर शनिवारी साफ करत होती. त्यात थोडंसंच राहे. मी म्हणो, काय चांगली चिमणी आहे, जास्त तेलही नाही पाडत!

माया हातातला ट्रे पडला. काकीजीनं मले धरलं, छातीशी लावलं आन सगळ्यायले सांगितलं, "पाहा! सून असावी त अशी. सासऱ्यासाठी इतकं कोण करते?"

मी खाली वाकून ट्रे उचलला.

मंग आमच्या यायले मी एकटीनं पडवीत नेऊन भिंत दाखवली. हे खूप वेळ पाहत राह्यले. मंग म्हणे, "डॉक्टर त बोललाच होता, फुप्फुसं गेली म्हणून. तू काहून मनाले लावून राहिली?" बोलता बोलता यायची नजर टिनाच्या पत्र्याय्यावर गेली. ते यायनं ठोकले होते. त्या दिवशी हे पत्रे काढाले लागले. कोणी विचारलं, इतकी काय घाई? त म्हणे, हवा येऊ द्या.

तेरवी झाली. पाहुणे गेले. माया घशाखाली घास उतरे ना. आता पाळी मायी होती! ठरवलं, सासूबाईले खरं सांगून टाकाचं. मंग त्यायनं घरातून काढलं तरी चालन.

त्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसली.

"आत्याबाई, त्या पिठावर जे होतं न, ते चिमणीनं केलं."

"हो माय. मंग?"

"तशी चिमणी नाही वो. सैपाकखोलीतली चिमणी."

"पहिले सैपाकखोलीत आले होते?" त्यायचे डोळे भरले. "येतीनच. खाण्यावर जीवच होता त्यायचा."

"नाही वो! लोखंडाची! लाइटवर चालते ती!"

"लाइटवाली कुठं? काचवाली ठेवली होती न मी. ती त रातभर जळली बिचारी."

"आत्याबाई, ऐका न. ती मीच चालू केली होती. मायाच मुळं..."

त्यायनं माया तोंडावर हात ठेवला. हाताले तांदळाचा वास. "पुरे. रडू नोको. तू किती केलं त्यायचं, मले माहीत नाही का? त्यायच्यासाठी त ते मशीन आणलं तू."

मशीन! म्हणजे त्यायच्याकडं तिसऱ्या चिमणीले वेगळाच शब्द होता! हिवाळाभर मले माहीतच नव्हतं. मी पुन्हा तोंड उघडलं, "आत्याबाई, मी त्या मशीनचंच..." पण त्या उठून गेल्या होत्या. पडवीच्या मंधोमंध उभ्या राहून वर पाहत होत्या.

"सूनबाई! ये वो, ये लवकर! पाह्य, कोण आलं!"

पाइपाच्या तोंडावर एक चिमणी बसली होती. खरी. पाखरू. चोचीत गवताची काडी.

ती काडी घेऊन आत गेली. बाहेर आली, दुसरी काडी आणाले उडाली.

सासूबाईनं हात जोडले. निवडलेल्या तांदळातली तुटकी कनकी मुठीत घेतली, पाइपाखाली टाकली. "घर बांधून राह्यले," म्हणे. आन मंग मायाकडं वळून बोट दाखवलं, "आजपासून त्या मशीनले हात लावजो नोको. सांगून ठेवतो. त्यायले हवेचा त्रास होईन."

त्रास होईन!

तेव्हापासून मशीन बंद आहे. हात हलवला का चालू, तोंडानं सांगितलं का चालू, गाणं, वाटी, सगळे फीचर बंद. वर मी पोळ्याय्याचं फडकं वाळत घालते. पाइपात पिल्लंही झाली. मले माहीत आहे, ते पाखरू आहे. सासूबाईले माहीत आहे, ते कोण आहे. रोज सकाळी त्या खाली बसून त्याले घरातलं सगळं सांगतात, काल कोण आलं, यायचं बीपी किती, मी भाजीत मीठ कमी टाकलं. मी सैपाकखोलीतून ऐकत राह्यते. खरं सांगाची हिंमत पुन्हा नाही झाली. सांगीन तरी कोणत्या शब्दात?

आता फोडणी देल्ली का धूर सैपाकखोलीतच राह्यते. सगळा मायाच नाका-तोंडात. काल मिरचीची फोडणी देल्ली, आन असा ठसका लागला मले, असा लागला, का डोळ्याले धार. ओट्याले धरून खोकलून राहिली.

पडवीतून सासूबाईचा आवाज आला:

"हळू खोकल न वो सूनबाई! मामाजीची झोप मोडते!"